त्रोम्सो ते स्वालबार: समुद्रावर वैश्विक किरण मोजणाऱ्यांसाठी

उत्तरेकडे जावे तसे वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, वाढत जातात, या ऐकीव माहितीवर विसंबून मी म्युऑन (हे किरण वातावरणावर आदळल्याने निपजणारे कण) मोजण्याचे उपकरण घेऊन नॉर्वेतील त्रोम्सोहून आर्क्टिकमधल्या स्वालबार बेटांकडे जाणाऱ्या बोटीवर चढलो. या मार्गापुरती ती माहिती साफ चुकीची आहे. डच भौतिकशास्त्रज्ञ क्ले यांना 1927 साली जावा ते नेदरलँड्स प्रवासात आढळलेला अक्षांशानुसारचा फरक खरा आहे, परंतु ही वाढ मध्य अक्षांशांतच थांबते. त्यापुढे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणखी कमी ऊर्जेच्या कणांना आत येऊ देत असले, तरी त्यांच्यापासून निपजणारे म्युऑन समुद्रसपाटीपर्यंत टिकत नाहीत, कारण वातावरण पार करण्यातच सुमारे 2 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्ची पडते. 2018 साली नानुक या शिडाच्या बोटीने 82 अंशांच्या पुढे जाऊन केलेल्या मोजणीतही आलेख सपाटच राहिला होता.

वाटेतल्या बेअर आयलंड बेटाच्या अलीकडची रात्र मी विसरणार नाही. डोक्यावर पोलाद नको म्हणून उपकरण केबिनमधून उघड्या डेकवर हलवले, तासाभरात संख्या चढू लागली आणि त्या आनंदात मी पहाटेपर्यंत जागा राहिलो. सकाळी तापमानाची नोंद शेजारी मांडली तेव्हा उलगडा झाला: विद्युतदाब तोच ठेवला, तर सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचे (उपकरणातल्या प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाचे) प्रवर्धन थंडीत वाढते आणि एरवी उंबरठ्याखाली राहणारे क्षीण स्पंदही मोजले जातात. त्यातच वायुदाब उतरत होता, ज्याने म्युऑन दर हेक्टोपास्कलमागे 0.1 ते 0.2 टक्के खरोखरच वाढतात. आणि बोटीच्या डोलण्याने उपकरण कलत असल्यामुळे मोजणी घटतही होती. तीन कारणे एकमेकांत इतकी मिसळली, की संपूर्ण रात्रीची नोंद टाकून द्यावी लागली.

म्हणून उपकरण स्थिर तापमानाच्या पेटीत बसवल्याशिवाय डेकवर नेऊच नका. वायुदाब, तापमान आणि कल यांची नोंद दर मिनिटाला आपोआप व्हायला हवी. त्या समुद्रात हाताने लिहिणे जमत नाही. उपकरणातल्या कण टिपणाऱ्या 25 चौरस सेंटिमीटरच्या पट्टीतून मिनिटाला फार तर 25 म्युऑन जातात, त्यामुळे 1 टक्का अचूकतेसाठी लागणारी 10,000 मोजणी व्हायला जवळजवळ सात तास जातात, आणि तोवर बोट कितीतरी पुढे गेलेली असते. याहून लहान पट्टी नेणे व्यर्थ आहे.

फ्योर्डमधले दिवस शांत होते. स्वालबारमधल्या लाँगइअरब्यूएन गावाच्या धक्क्यावर मात्र पूर्ण एक दिवस राखून ठेवा: दाबाची दुरुस्ती केल्यावर तिथला आकडा त्रोम्सोच्या आकड्याशी त्रुटीच्या मर्यादेत जुळला, आणि साऱ्या प्रवासातील माझी विश्वासार्ह मोजणी एवढीच.