आबाजींचा गोटा

कापूसवेचणीच्या दिवसांत दुपारी गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात आणि त्यांतली निम्मी मारुतीच्या पारावर सापडतात. परवा तिथे बसलो असताना माझे लक्ष त्यांच्या गप्पांवरून त्यांच्या उठण्याकडे गेले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकायचे, अंग पुढे झोकायचे, देवाचे नाव घ्यायचे आणि अर्ध्यावर क्षणभर थांबून मग उभे राहायचे, अशी ती रीत. हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, यावरून डॉक्टर म्हातारपणीची ताकद जोखतात. त्या परीक्षेत आमचा पार बहुधा नापास होईल.

पाराच्या कडेला एक काळा गोटा आहे. आम्हा पोरांच्याने तो हलतही नसे. आमचे आबाजी मात्र पोळ्याच्या दिवशी तो आधी मांडीवर, मग छातीवर घेत आणि खांद्यावरून मागे सोडून देत. जमिनीला बसलेला हादरा आमच्या अनवाणी तळव्यांना कळे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवून आले, हे ते असे सांगत की जणू स्वतःच जाऊन आले आहेत. पुढे ट्रॅक्टर आला, नळ आला आणि घरच्यांनी त्यांना आदराने बाजेवर बसवले. "बसून बसून मांड्याच गेल्या ना माह्या," असे ते म्हणत.

न वापरलेला स्नायू आटतो, पण कामाला लावला तर उतारवयातही परततो. बोस्टनमध्ये नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली, तेव्हा त्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. दमासाठी चालणे हवेच, तेही असे की बोलता यावे पण भजन म्हणता येऊ नये. मात्र पासष्टीनंतर आठवड्यातले निदान दोन दिवस ताकदीचा व्यायामही करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आईची सत्तरी उलटली आहे. हौदावरची बादली, अर्धीच भरलेली का होईना, तीच हात बदलत घरात आणते आणि मी मुद्दाम बसून राहतो. "मायले पानी भराले लावते अन् सोता बसते," असे शेजारच्या काकू गावभर सांगत फिरतात. सांगोत बापड्या.