आईची अंगणातली खुर्ची : कामाची नोंद

४ जानेवारी

गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय ओल्या फरशीवर फाकला आणि आई कुशीवर पडली. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून तिने सकाळचे बाहेर बसणे सोडले. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले असे प्लॅस्टिक ठिसूळ होते, हे मला ठाऊक होते. तरी मी त्या खुर्चीकडे कधी नीट पाहिले नव्हते. आता तिच्यासाठी लाकडी खुर्ची मीच करणार आहे. देवरुखजवळच्या आमच्या घराची जुनी पडवी उतरवली तेव्हाचे सागवानी वासे माळ्यावर पडून आहेत. मृग लागण्याआधी काम संपवायचे आहे.

अंगणात आधीपासून एक कापडी आरामखुर्ची आहे. तिची बैठक जमिनीपासून ३६ सेंटीमीटरवर आहे आणि मागे चांगलीच उतरती आहे. आईला तीत बसवले, तेव्हा ती म्हणाली, "बसायला छान आहे रे, पण उठू कशी?" पुढच्या सगळ्या मापांचा विचार मी या एका प्रश्नावरून केला.

१८ जानेवारी

मापे घेतली. गुडघ्यामागच्या खळीपासून चपलेच्या तळापर्यंत आईचे माप ३९ सेंटीमीटर भरले. वृद्धांच्या खुर्चीची बैठक ४५ ते ४८ सेंटीमीटर असावी असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु चार फूट दहा इंच उंचीच्या बाईला तेवढ्या उंचीवर बसवले, तर पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि थोड्याच वेळात मुंग्या येतात. उलट बैठक खाली घ्यावी, तर उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. म्हणून छापील मापावर न विसंबता एका भक्कम बाकड्यावर फळ्या रचून, एकेक वाढवत पाहिले. ४१ सेंटीमीटरला आई दुसऱ्या हिसक्याला उठली, ४४ ला पहिल्याच प्रयत्नात उठली आणि ४६ ला तिच्या टाचा उचलल्या गेल्या. पुढची कड ४४ वर ठरवली आणि ती रंध्याने चांगली गोलसर करायचे ठरवले. गादी घालायचीच असेल, तर ती दबल्यावर उरणारी जाडी या मापातून वजा करावी, कारण हाताला जाड लागणारा फोम बसल्यावर बराच दबतो.

बैठकीची खोली ४० ठेवली आहे. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे तीन बोटे मोकळी राहतात. जास्त खोल बैठकीत आई खुर्चीच्या पाठीपर्यंत पोचतच नाही आणि मग घसरून, पाठीला पोक काढून बसते.

८ फेब्रुवारी

सागवानाला हात लावण्यापूर्वी टाकाऊ प्लायवूडचा नमुना केला, आणि केला हे बरे झाले. दिसायला डौलदार म्हणून मी खुर्चीचे हात पुढच्या पायांच्या ९ सेंटीमीटर पुढे काढले होते. आईने उठताना त्यांच्या टोकावर भार दिला आणि मागचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. मी मागून खुर्ची धरून उभा होतो, म्हणून निभावले. बैठकीवरचे वजन कमी होते नेमक्या त्याच क्षणी हातांच्या टोकावरचा दाब वाढतो, आणि ते टोक पायांच्या पुढे असेल तर खुर्ची पुढे कलंडते. हात आखूड केले, तर उठणाऱ्याला पुढे आधार सापडत नाही. म्हणून हात तेवढेच ठेवले आणि पुढचे पाय पुढे आणून थेट त्यांच्या टोकाखाली घेतले. हातांची उंची बैठकीपासून २० सेंटीमीटर ठेवली आहे.

दुसरी चूक पुढच्या आडव्या पट्टीची होती. उठताना माणूस टाचा गुडघ्यांच्या मागे ओढून घेतो, आणि माझी पट्टी बरोबर तिथेच आडवी येत होती. आता दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जोडणारा आडवा दांडा मागच्या पायांजवळ सरकवला आहे. बैठकीचा उतारही कमी केला. मागची कड पुढच्यापेक्षा फक्त २ सेंटीमीटर खाली, म्हणजे जेमतेम ३ अंश. पावसाचे पाणी मागे वाहून जायला एवढा उतार पुरतो.

१ मार्च

वाशांतले जुने खिळे काढताना एक आत मोडून राहिला आणि त्याने रंध्याचे पाते खाल्ले. जुने लाकूड वापरणाऱ्यांनी लोहचुंबक फिरवल्याशिवाय रंधा लावू नये. सागवानात सिलिकाचे कण असतात, त्यामुळे पाते बोथट होतच असते. त्यात ही भर.

जोड सगळे कुसू आणि खाचेचे केले, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवली. वर बांबूच्या खुंट्या मारल्या, कारण उघड्यावर लोखंडी खिळा गंजून लाकूड काळे करतो. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये ८ मिलिमीटरची फट ठेवली आणि त्यांच्या कडा पॉलिश पेपरने मारल्या, नाहीतर लुगड्याचा पदर अडकतो. बेलतेल (जवसाचे तेल) द्यायचा मोह टाळला, कारण आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यावर बुरशी धरते. पायांची टोके मात्र राळेच्या लेपात बुडवली आणि खाली रबरी बूच बसवले, कारण लाकडाच्या उभ्या रेषांची टोकेच सर्वांत जास्त पाणी पितात.

खुर्चीच्या डाव्या हाताला टोकाजवळ काठी अडकवायला एक खाच केली आहे. आईची काठी नेहमी खुर्चीच्या पाठीला टेकवलेली असते, घसरून पडते आणि ती उचलायला वाकणे, हेच तिच्या बाबतीत सर्वांत धोक्याचे असते.

२२ मार्च

जागा निवडायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. सावली उत्तम अशी जागा माडाखाली होती, पण तिथे नारळ आणि झावळ डोक्यावर येण्याची भीती. अखेर पडवीच्या पूर्वेकडची जागा घेतली, जिथे सकाळी कोवळे ऊन असते आणि दुपारनंतर भिंतीची सावली. अंगणातल्या जांभ्या दगडावर पावसात शेवाळ धरते आणि तो सपाटही नसतो. चार पायांची खुर्ची तिथे डुगडुगते. म्हणून दाराच्या पायरीपासून खुर्चीपर्यंत सिमेंटचा पट्टा ओतला आणि तो ओला असताना त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या.

आई रोज सकाळी सातला तिथे बसते आणि हातांवर जोर देऊन स्वतः उठते. मात्र खाचेत काठी नसते. तिथे तिने फुलांची परडी अडकवली आहे, आणि काठी पुन्हा पाठीला टेकलेली आहे. पुढच्या रविवारी उजव्या हाताला दुसरी खाच करायची आहे.