डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद तपासूनच पुढे जा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणलेली जुनी डिस्क असो वा कोरी, फाइल सिस्टिमच्या ड्रायव्हरने (डिस्कवरच्या फाइल वाचणाऱ्या कोडने) तिच्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये डिरेक्टरीतल्या नोंदीचं शीर्ष ८ बाइटचं: आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी रचना) क्रमांक ४, नोंदीची लांबी २, नावाची लांबी १, फाइलप्रकार १.

सर्वात घातक नोंदीच्या लांबीचा आकडा, कारण तो मिळवूनच पुढची नोंद सापडते. तो शून्य असेल तर पुढची नोंद म्हणजे हीच नोंद, आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिथेच फिरत राहतो. म्हणून लांबी किमान १२, ४ च्या पटीत, नाव अधिक शीर्षाचे ८ बाइट मावतील इतकी आणि ब्लॉकच्या (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या) हद्दीत हवी. हे सगळं नाव वाचण्याआधी! आयनोड क्रमांकही सुपरब्लॉकमधल्या (फाइल सिस्टिमची एकूण माहिती असलेल्या ब्लॉकमधल्या) आयनोडच्या एकूण संख्येपेक्षा मोठा नको.

चाचणीसाठी डिस्कच्या इमेजची (फाइलमध्ये साठवलेल्या नकलेची) प्रत घ्या, रूट म्हणजे सर्वात वरच्या डिरेक्टरीच्या पहिल्या नोंदीतले ०सी ०० (लांबी १२) हे बाइट ०० ०० करा आणि माउंट करून यादी मागा. त्रुटी परत यायला हवी.