आमची वाटचाल : हर्णैच्या दोन बोटी आणि सोड्यांचा मांडव

वडिलांनी पहिली बोट घेतली तेव्हा हर्णैला मासळी वाळूवर उतरायची. बोटी सुवर्णदुर्गासमोर नांगरलेल्या, बैलगाड्या छातीभर पाण्यात शिरून माल आणायच्या आणि संध्याकाळी पुळणीवर लिलाव पुकारला जायचा. त्याच बोटीच्या जोरावर पुढे दुसरी आली. आज दोन्ही बोटी खोल समुद्रात जातात.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. बऱ्याच मासळीची वीण याच दिवसांत होते, त्यामुळे बंदी हवीच, असं माझं ठाम मत आहे. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवतो. खलाशी गावी जातात, त्यात काही नेपाळचेही आहेत. जाळी विणणं, इंजिनाचं काम, रंगरंगोटी हे सगळं याच दिवसांत. पैसा मात्र फक्त बाहेर जातो. नव्या हंगामासाठी खलाशांना उचल, डिझेल, बर्फ, किराणा, सगळं आधी भरावं लागतं. ऑगस्ट उजाडताच परवानगी असली तरी आमचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, नारळी पौर्णिमेआधी नांगर उचलत नाही. दर्या शांत झाल्याशिवाय माणसं पाठवायची नाहीत, हा वडिलांचा नियम आम्ही मोडलेला नाही.

पावसाळा सरला की खरी कमाई. कोळंबी, म्हाकूळ, बांगडा, मग पापलेट आणि सुरमई. दिवाळीच्या आसपासचे आठवडे वर्षाचं गणित ठरवतात. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की मासळी खोलात उतरते, बोट लांब न्यावी लागते आणि डिझेल वाढतं. एप्रिल-मेमध्ये जाळं हलकं येतं.

हे चक्र आम्हाला पाठ होतं. २०१९ मध्ये ते विस्कटलं. ऐन दिवाळीत ‘क्यार’ चक्रीवादळ, त्यामागोमाग नोव्हेंबरात ‘महा’. बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला आणि बोटी खाडीत उभ्या. भरलेला बर्फ खणात वितळत होता, खलाशांचा खर्च मात्र सुरूच. पुढच्या जूनमध्ये ३ तारखेला ‘निसर्ग’ने आमच्या किनाऱ्याची छपरं उडवली आणि २०२१ च्या मेमध्ये ‘तौक्ते’ने हंगामाची शेपटीही नेली. अरबी समुद्रात पूर्वी इतकी वादळं आम्ही पाहिली नव्हती.

तेव्हा बायकोने सोड्यांचा विषय काढला. घरापुरते सोडे आई दरवर्षी करायचीच. कोळंबी निवडून, सोलून, धागा काढून कडक उन्हात वाळवायची. वाळूत वाळवले तर दाताखाली कचकच लागते, म्हणून आम्ही बांबूचा उंच मांडव घातला, वर जाळी ताणली. बोट रिकामी येते त्या उन्हाळ्यात मांडव भरलेला असतो आणि समुद्र बंद असतो तेव्हा माल विकला जातो. वाड्यातल्या बायकांना सोलायचं काम मिळतं, मजुरी त्याच दिवशी हातात. पावसाळ्यातली उचल आता बऱ्यापैकी याच पैशातून निघते, व्यापाऱ्याकडे हात पसरावा लागत नाही.

बोटींवर वायरलेस आहे, हवामानाचा इशारा आला की पापलेटचा थवा समोर असला तरी जाळं ओढून परत फिरायचं, असं तांडेलला सांगून ठेवलं आहे. लहान पापलेट जाळ्यात येऊ नये म्हणून मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं वापरतो. त्याने माल थोडा कमी येतो, पण पुढच्या वर्षी तोच मासा मोठा होऊन येणार आहे.

यंदाचे सोडे तयार आहेत. दापोली आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांनी मागणी नारळी पौर्णिमेआधी कळवावी, बोटी सुटल्या की घरात कुणाला सवड नसते.