पेटीतले रुपिये आणि झाकलेला आकडा

आईचं वर्षश्राद्ध झालं, फोंड्याच्या घराची आवराआवर सुरू झाली आणि माळ्यावरच्या पेटीत आजोबांची चामड्याची पिशवी निघाली. आत पोर्तुगीज अमलातले रुपिये. 1935 सालचे चांदीचे अठरा, आणि डॉम लुईस राजाचा चेहरा असलेले 1882 चे दोन. 1958 मध्ये इथे रुपिया जाऊन एस्कुदो आला, तीन वर्षांनी पोर्तुगीजही गेले, पिशवी मात्र तशीच राहिली.

1882 चे दोन मी बाजूला काढले. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर ती कटकट कोण निस्तरणार? उरलेले अठरा एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर एकगठ्ठा विकायचं ठरलं.

फॉर्म भरताना गाडी एका प्रश्नावर अडली. राखीव किंमत उघड ठेवायची की गुप्त? राखीव किंमत म्हणजे ज्याच्या खाली आपण विकणार नाही तो आकडा. उघड ठेवली तर बोली तिथूनच सुरू होते. गुप्त ठेवली तर बोली पाचशेपासूनही सुरू करता येते. बोली लावणाऱ्याला फक्त ‘राखीव किंमत अजून गाठलेली नाही’ एवढंच दिसतं. झाकण्याचे थोडे जादा पैसेही साइट घेते.

दादा डोंबिवलीला असतो. तो फोनवर म्हणाला, “आकडा दाखवू नकोस. कांदोळीच्या बंगल्याचं काय झालं ते आठव.” मल्ल्यांचा किंगफिशर व्हिला. बँकांनी 2016 मध्ये 85.29 कोटींची राखीव किंमत लावून तो लिलावात काढला, कुणी फिरकलंच नाही. मग 81 कोटी, मग 73. शेवटी 2017 मध्ये 73 कोटींच्या जरा वर तो गेला. दादाचं म्हणणं, आकडा चारचौघांत होता म्हणून लोक तो खाली यायची वाट बघत बसले. मला त्यात अर्धंच तथ्य वाटलं. बँकेला आकडा लपवता येतच नाही; विक्रीच्या नोटिशीत तो छापावा लागतो आणि बोली लावणाऱ्याची अनामतही सहसा त्याच्या दहा टक्के असते. आणि 85 कोटी हा आकडाच मुळात जड होता.

माझ्या डोक्यात मात्र आमच्या देवळातली पावणी होती. उत्सव संपला की देवाला आलेला केळ्यांचा घड, नारळ, फणस पुकारले जातात. आकडा असा नसतोच. दहा रुपयांपासून सुरू झालेला घड हजाराच्या पुढे गेलेला मी पाहिलाय. (आपला ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीजांनीच दिलेला.) तेव्हा खालून सुरू करू, लोक रंगात येतील, असं मलाही वाटलं. पाचशेपासून सुरुवात, राखीव 40,000, गुप्त.

पहिल्या चार दिवसांत धडाधड 23 बोली आल्या. दादा खूश. मग बोली 31,500 वर थांबली ती थांबलीच. एकाने निरोप पाठवला, “आकडा सांगा, नाहीतर उगाच वेळ जातो.” मी सांगितला नाही. त्याने पुन्हा बोली लावली नाही. लिलाव संपला, नाणी घरातच.

शेवटच्या दिवशी दादा म्हणाला होता, आपल्याच भाच्याच्या खात्यावरून दोन बोली टाक, वर जाईल. मी ठाम नाही म्हणालो. 1930 च्या माल विक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने खोट्या बोलीने भाव चढवला तर खरेदीदार सौदा मोडू शकतो.

नंतर एक अभ्यास वाचनात आला. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी पोकेमॉन कार्डांच्या 50 जोड्या ईबेवर विकायला काढल्या. जोडीतल्या एकाची राखीव किंमत गुप्त, दुसऱ्याची तेवढीच किंमत उघड. गुप्तवाली कार्डं कमी विकली गेली, खरे गिऱ्हाईक बिचकले. पावणीत माणसं समोरासमोर असतात, मागे हटायची लाज वाटते. मोबाइलवर कसली लाज?

पण खरं कारण वेगळंच होतं. 40,000 हा आकडा आमचाच नक्की नव्हता. दादाला 50 हजार हवे होते, मला 30 पुरे होते. आत्या म्हणत होती, “चांदीच्या भावाने द्या नि मोकळे व्हा रे.” एका नाण्यात जेमतेम 11 ग्रॅम शुद्ध चांदी, सोनाराने अठराचे मिळून 18 हजार सांगितले होते. तिघांचं भांडण नको म्हणून मधला आकडा टाकला, आणि तो कुणापुढे मांडायची हिंमत नव्हती म्हणून झाकला.

दुसऱ्या वेळी तिघे कॉन्फरन्स कॉलवर बसलो. तासभर वाद झाला, दादाने दोनदा फोन ठेवला. शेवटी 32,000, उघड. या वेळी चारच जण आले. त्यांतला एक तो निरोपवाला. 36,500 ला नाणी पुण्याला गेली. साइटचं कमिशन आणि कुरिअरचा विमा वजा करून तीन वाटे केले. आत्याने तिचा वाटा देवळात दिला. दादा अजून म्हणतो, 50 आले असते.