घेरिया खय आसा?

गेल्या महिन्यात गुरुजी वाचनालयात आले. विजयदुर्गाचे जुने कागद बघायचे होते. आमच्या संग्रहात शोधलं, अकरा नोंदी निघाल्या. गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "इतक्याच? मगे घेरिया खय आसा?"

घेरिया, म्हणजे इंग्रजांच्या कागदांतलं विजयदुर्गाचं नाव, होता की! इंग्रजी नकलांवरून नोंदी करताना मी जसं दिसलं तसंच टाकलं होतं. शिवाय काही ठिकाणी 'विजयदूर्ग', दीर्घ ऊकार देऊन. पावसाळ्यात वीज यायच्या-जायच्या मध्ये केलेलं टायपिंग, दुसरं काय होणार? आपल्याला कळतं किल्ला एकच. संगणकाला मात्र त्या तीन वेगळ्या अक्षरमाळा.

म्हणून आता ओमेका एस या, संग्रहाच्या नोंदी ठेवायच्या संगणकप्रणालीत ठिकाणाच्या रकान्यात नाव लिहीतच नाही. किल्ल्याची एकच नोंद केली, तिला विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातल्या किल्ल्याच्या नोंदीचा दुवा दिला आणि प्रत्येक कागद त्या नोंदीला जोडला. एसकेओएस या, नावं आणि त्यांचे संबंध नोंदवायच्या ठरावीक शब्दसंग्रहात यासाठी छान सोय आहे: मुख्य नाव विजयदुर्ग, पर्यायी नाव घेरिया. चुकीच्या स्पेलिंगलाही जागा आहे, 'लपलेलं नाव', म्हणजे शोधात सापडावं पण मिरवू नये. माझा दीर्घ ऊकार तिथे गेला. आता कुठलंही नाव टाका, किल्ल्याची नोंद येते आणि तिच्याखाली सगळे कागद.

जिल्ह्याचा घोळ वेगळाच. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीच्या कागदावर 'तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी' असतं, आणि मी शहाणी ते 'दुरुस्त' करत बसले होते! सगळं परत फिरवलं. कागदावरचा मजकूर कागदावरचाच. कुठला जिल्हा कधीपासून, हे ठिकाणाच्या नोंदीत.

उत्साहाच्या भरात शेजारचं गिर्ये गावही 'हेच ते' म्हणून किल्ल्याला जोडलं. घेरिया हे नाव गिर्येवरूनच आलं म्हणतात ना. दुसऱ्या दिवशी गावचे फोटो १७५६ च्या इंग्रजांच्या स्वारीच्या कागदांत मिसळलेले! आता दोन नोंदी आणि मध्ये फक्त 'संबंधित' असा दुवा.

एक पत्र मात्र अजून कुठेच जोडलेलं नाही. त्यावर नुसतं 'मुक्काम घेरिया'. गुरुजी म्हणतात, गाव. मला दारूगोळ्याचा हिशेब बघून किल्लाच वाटतो.