ओसीआय कार्ड, सातबारा आणि देवगडची कलमं

बाबा गेल्यावर देवगडला कायमचं परत यायचं ठरवलं, तेव्हा माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड होतं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते. गावात पहिला प्रश्न आला तो काकांकडून. "तू आता सायब झालंस, तुझा नाव सातबाऱ्यार लागूचा नाय."

कागदाची बाजू आधी सांगतो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. वेगळा राजीनामा द्यावा लागत नाही. पण जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ते मी लंडनलाच उरकलं, मग ओसीआयचा अर्ज केला. परदेशातून केला तर फी २७५ डॉलर, भारतात केला तर १५,००० रुपये.

राहण्याची अडचण मला आलीच नाही. ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा: कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणी नको. १८२ दिवस राहून झाल्यावर आधारही निघालं. मतदान मात्र नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सगळे उमेदवार दारावरून हात जोडून जातात, मला फक्त चहा विचारतात.

खरी गाठ जमिनीशी पडली. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, त्याखालचे २०१९ चे नियम आणि केंद्रीय गृहखात्याची ४ मार्च २०२१ ची अधिसूचना वाचून मी वकिलांकडे गेलो. त्यांनी तीन प्रश्न वेगळे करून दाखवले. विकत घेणं: घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट चालतो, शेतजमीन, बागायत आणि फार्म हाऊस नाही. बक्षीसपत्र: तिथेही शेतजमीन बाद, मग देणारा सख्खा काका असो. आणि वारसा: भारतात राहणाऱ्या वडिलांची शेतजमीन ओसीआयवाल्या मुलाला मिळते, पूर्ण कायदेशीर. म्हणजे बाबांच्या हापूसच्या कलमांत माझा हिस्सा होताच. काकांनी बाजूची बाग मला लिहून द्यायची म्हटली असती तरी ती घेता आली नसती.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि माझं ओसीआय जोडलं. तलाठी ऑफिसात परदेशी पासपोर्ट बघून बराच वेळ कोणी काही बोललं नाही. नियमाची छापील प्रत सोबत होती ती पुढे केली आणि मग काम सरकलं. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते, ती लागली. हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. आई, बहीण आणि मी, अशी तिघांची नावं सातबाऱ्यावर आली. सरेंडर सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही, पण माझ्या मते ते फाइलमध्ये असावंच. जुन्या फेरफारात नाव एक आणि नव्या पासपोर्टवर स्पेलिंग दुसरं असेल तर जुना आणि नवा माणूस एकच हे सांगणारा तोच कागद असतो.

पुढे शेजारचा कातळाचा तुकडा विकायला निघाला. मी शेतकऱ्याचा मुलगा, सातबाऱ्यावर नाव असलेला, तरीही तो मला घेता येत नव्हता, कारण शेतकरी असल्याचा दाखला कूळकायद्याची (शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी ही) अट भागवतो, फेमाची नाही. गावातल्या एका जाणत्याने सुचवलं, पैसे तुझे, नाव बहिणीचं. वकिलांनी ते तिथल्या तिथे मोडून काढलं: हा बेनामी व्यवहार, जमीन सरकारजमा होऊ शकते. शेवटी बहिणीने स्वतःच्या पैशांतून घेतला. तिचं नाव, तिचाच व्यवहार.

वारशाने आलेली ही जमीन उद्या विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, दुसऱ्या ओसीआयला किंवा अनिवासी भारतीयाला नाही. लंडनमधल्या एका मित्राला आमच्या बागेत हिस्सा हवा होता, त्याला हे कळवलं तेव्हा तो चिडला.

आईचा हट्ट वेगळाच, परत भारतीय हो. रस्ता आहे: ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली आणि अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहिलेलं असेल तर कलम ५(१)(जी) खाली अर्ज करता येतो, पण ब्रिटिश नागरिकत्व सोडावं लागतं. मुलं अजून तिकडे शिकतात. त्यामुळे तो फॉर्म मी उतरवून ठेवलाय, भरलेला नाही.